बाहेरच्या खुंटीवरचा पट्टा

सलीमचा फोन आला तेव्हा मी डोळ्यांत थेंब घालून पडले होते. गिरणीतला शाफ्ट उद्या भंगारवाला उचलणार आहे, त्याआधी तुला काही ठेवून घ्यायचं असेल तर येऊन जा, असं तो म्हणाला. सलीम माझा धाकटा भाऊ. पौडला आमच्या अब्बांची भातगिरणी होती. तिच्या मागच्या भागात त्यानं कधीच भाड्याच्या खोल्या काढल्या आहेत. पुढचा भाग तेवढा इतकी वर्षं तसाच पडून होता, आता तिथंही फरशी बसणार. मी काय ठेवून घेणार होते? माझ्या फ्लॅटमध्ये पुस्तकांना जागा नाही, तिथं गिरणीचा शाफ्ट कुठे टेकवू? तरी निघाले. घरी बसून पत्रं वाचण्यापेक्षा बरं, इतकाच विचार होता.

पत्रं म्हणजे संगणकावर येणारी. त्यांचं आधी सांगून टाकते, कारण माझा सगळा शीण तिथूनच येतो. तरुणपणी मी संगणकासाठी एक लहानशी भाषा केली. 'सांधा' तिचं नाव. तिच्यात एक ओळ लिहिली की यंत्र ती वाचतं, लगेच करतं आणि पुढच्या ओळीकडे वळतं. अवजड कामं करणारे प्रोग्राम दुसरेच असतात, ही फक्त त्यांना एकमेकांशी जोडून देते. ती मी विकली नाही. कुणीही घ्यावी, उघडून आत बघावं, हवी तशी बदलावी, पुढच्याला द्यावी. अशी ती हातोहात कुठे कुठे गेली ते मलाही सांगता येणार नाही. अजून चालते आहे हे मात्र कळतं, कारण बिघडली की लोक मला लिहितात. चालली आहे असं कळवायला कुणी लिहीत नाही, आणि का लिहावं? कालच एकानं विचारलं होतं, असली रद्दी भाषा कुणाच्या डोक्यातून निघाली. माझ्याच, बाबा.

आता मनगटं दुखतात, डोळे दुपारनंतर दगा देतात. 'मी थांबते आहे' असं एक निवेदन मी लिहून ठेवलं होतं आणि कित्येक आठवडे ते तसंच पडून होतं. ते पाठवायचं धाडस होत नव्हतं. मी हात काढला तर ती मरेल, नाहीतर कुणीतरी उचलून आपल्या कपाटात घालील आणि कुलूप लावील, ही भीती. लोकांना हे सांगितलं तर हसतील. पोटच्या पोराबद्दल बोलावं तसं ही बाई यंत्राच्या भाषेबद्दल बोलते म्हणतील.

पौडला उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गिरणीसमोर रिक्षांची रांग होती. आमच्या लहानपणी तिथं बैलगाड्या सुटायच्या. रस्त्याकडच्या भिंतीवर, दाराच्या उजव्या हाताला सागवानी खुंटी होती, ती अजून आहे. तिच्यावर कसलीशी काळी वायर वेटोळं करून अडकवलेली दिसली. भाडेकरूंपैकी कुणाची तरी असेल म्हणून मी आत गेले.

आत गेले आणि वास आला. इतक्या वर्षांनी वास कसा राहतो? भिंतींच्या भेगांत तूस जाऊन बसलंय, त्याचा असेल. त्यात डिझेलचा थोडा, आणि त्याहून थोडा राळेचा. पट्टा पुलीवरून घसरायला लागला की अब्बा फिरत्या पट्ट्याला राळेचा खडा लावायचे. खडा लागला की पट्टा एकदम चिकटून ओढायचा आणि राळेचा उग्र, जंगलासारखा वास सगळ्या गिरणीत पसरायचा. पावसाळ्यात तर विचारू नका. मुळशीचा पाऊस घराच्या आत येऊन बसणारा. चामडं ओल धरायचं, पट्टे फुगायचे, सैल पडायचे, आणि अब्बांच्या कुडत्याला महिनोन् महिने राळेशिवाय दुसरा वास नसायचा. ईदला अत्तर लावलं तरी खालून राळ यायचीच.

इंजिन एकच होतं, मागच्या खोलीत. त्याच्या चाकावरून रुंद पट्टा भिंतीतल्या भोकातून पुढे यायचा आणि छताखालचा शाफ्ट, म्हणजे लांब लोखंडी दांडा, फिरवायचा. शाफ्टवर ओळीनं पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून एकेक पट्टा खाली उतरलेला. एक भात भरडणाऱ्या हलरला, एक तूस उडवणाऱ्या पंख्याला, एक पिठाच्या जात्याला, एक मिरचीच्या कांडपाला. ज्या यंत्राचं काम असेल त्याचा पट्टा चढवायचा, बाकीचे मोकळे. हलरला पाखडता येत नव्हतं आणि पंख्याला भरडता येत नव्हतं. यंत्रं सगळीच शहाणी हायेत, असं अब्बा म्हणायचे, पण एकमेकाशी बोलत न्हाईत. ते बोलणं पट्ट्यांनी करायचं.

दिवाळी सरली, झोडणी उरकली की गाड्या यायला लागायच्या. मोसे खोऱ्यातून, ताम्हिणीच्या अंगानं, कुठून कुठून. लोक आदल्या दिवशी निघालेले असायचे. बैल सोडून, वैरण टाकून, घोंगडीत गुरफटून अंगणात नंबर लावून बसायचे. आंबेमोहोर भरडायला आला की त्यांना सांगावं लागायचं नाही. हलरच्या तोंडाशी ऊन तांदूळ पडायला लागला की तो वास दारातून रस्त्यावर जायचा आणि रस्त्यानं जाणारा माणूस विनाकारण आत येऊन उभा राहायचा. अम्मी कण्यांचा भात करायची, त्यावर तूप. तेवढ्या दिवसांत आमच्या घरी भाजी केली नाही तरी कुणाची तक्रार नसायची. मिरचीच्या दिवसांत मात्र शेजारीपाजारी शिंकून शिंकून आमचा उद्धार करत.

आणि आवाज. इंजिनाचा पुक पुक सगळ्यांना आठवतो, गाव सोडून गेलेल्या माणसाला तर फारच. मला पट्ट्यांचा आठवतो. पट्टा जिथं जोडलेला असतो तो सांधा पुलीवरून जाताना टप् असा आवाज होतो. एक सांधा असेल तर एक टप्. जुना, ठिकठिकाणी जोडलेला पट्टा असेल तर त्याचा स्वतःचा ताल होतो. टप्, मग थोडं थांबून टप् टप्, मग लांब मोकळं, पुन्हा टप्. या तालावर मी पाढे पाठ केले, झोपी गेले, तापातून उठले. बाहेरच्या खुंटीवरचा पट्टा कधी आमच्या हलरवर चढला की त्याचा ताल सगळ्यांहून न्यारा असायचा.

त्या पट्ट्याची गंमत सांगायची राहिली. कोळवण, रिहे, घोटवडे, माले, जिथं जिथं गिरण्या होत्या तिथल्या मंडळींचा एक रिवाज होता. हंगामात पट्टा तुटला तर नवा आणायला पुण्याला जावं लागे आणि दिवस मोडे. तोवर दूरवरून आलेल्या गाड्या भात घेऊन परत जाणार. भरल्या गाड्या परत गेल्या तर एका गिरणीचं नाक जात नसे, सगळ्यांचंच जाई. म्हणून एक जादा पट्टा आमच्या बाहेरच्या खुंटीवर टांगलेला असायचा, पौड मध्यावर पडतं म्हणून. ज्याचा पट्टा तुटेल त्यानं यायचं आणि तो न्यायचा. विचारायचं नाही, सांगायचंही नाही. आपला नवा आला की परत आणून टांगायचा. आपल्या हातून तुटला तर जोडून टांगायचा. दुसऱ्यानं घातलेला जोड उसवायचा नाही. हे कधी, कुणी ठरवलं ते अब्बांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी गिरणी घेतली तेव्हा खुंटी होतीच.

प्रत्येकाचा जोड वेगळा. कोळवणचे सोपानकाका चामड्याच्या वादीनं शिवायचे, मोचीला लाज वाटावी इतकं बारीक. रिह्याचे बबनमामा लोखंडी पिना ठोकायचे. घोटवड्याहून परत आला की त्यात तांब्याची तार दिसायची. सकाळी शाळेत जाताना मी खुंटीकडे बघायची. रिकामी असली की कुठंतरी काहीतरी तुटलंय असं समजायचं. काही दिवसांनी पट्टा पुन्हा दिसायचा, आणि मी बोटांनी चाचपून नवा जोड शोधायची.

एका मार्गशीर्षात रिह्याला एका घरी लग्न होतं. हळद दुसऱ्या दिवशी आणि लग्नाचं भात बबनमामांच्या गिरणीत. त्यांचा पट्टा तुटला. ते सायकल हाणत आले, खुंटीवरचा पट्टा खांद्यावर टाकून गेले, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत तसेच परत आले. पट्टा पुलीला पुरत नव्हता. कुणीतरी कापला होता. बबनमामांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेला नव्हता, नुसता उतरलेला होता. मांडवात पाहुणे येऊन बसलेत आणि घरात भात भरडायचं आहे, याची धास्ती त्यांनाच होती असं नाही. आमच्या अंगणात बसलेल्या गाडीवाल्यांनाही ती लागली.

अब्बांनी इंजिन बंद केलं. हलरवरचा चालता पट्टा उतरवला आणि बबनमामांना दिला. अंगणातली मंडळी कुरकुरली, पण लग्नाचं भात म्हटल्यावर गप्प बसली. त्या दिवशी आमच्याकडे बायकांनी उखळं काढली, पुरुषांनी विड्या काढल्या, आणि गिरणी इतकी गप्प होती की नदीचा आवाज ऐकू आला.

दोन-चार दिवसांनी उलगडा झाला. कापणारे सोपानकाका निघाले, तेच ते बारीक शिवणारे. त्यांची पुली शाफ्टच्या जवळ, त्यांना आखूड पट्टा पुरायचा. पट्टा जोडांनी भरून ओबडधोबड झाला होता, म्हणून त्यांनी चांगल्या मनानं जोडजोड तेवढे कापून टाकले, उरलेला नीट शिवला, तेल पाजलं आणि नव्यासारखा करून टांगला. आपण उपकारच केले अशा समजुतीत ते होते. कळल्यावर बिचारे कोळवणहून चालत आले आणि दारातच उभे राहिले. अब्बांनी त्यांना चहा पाजला. मग दोघांनी बाकावर बसून पट्ट्यात नवा तुकडा घातला. अब्बा धरून होते, सोपानकाका शिवत होते. बोलणं झालं ते यंदा भात कसं उतरलं याचं.

अम्मीला मात्र हे रुचलं नाही. आमच्या घरी वाटीपासून घागरीपर्यंत प्रत्येक भांड्यावर तिनं नाव घालून घेतलं होतं. लग्नाकार्याला भांडी गेली तर नावानं परत येतात, यावर तिचा ठाम विश्वास. तो पट्टा आत ठेवा, निदान त्यावर गिरणीचं नाव तरी घाला, असं ती जेवताना म्हणाली. नाव असलं की माणूस कापताना विचार करतो. अब्बा कण्यांचा भात कालवत होते. मान वर न करता म्हणाले,

"आत ठिवला की त्यो माझा झाला. नाव घातलं तरी माझा झाला. मग तुटला की लोक मला हाक मारत्यात. मला झोप पायजे."

अम्मी हसली, मीही हसले. अब्बांचा झोपेचा लोभ घरात प्रसिद्ध होता. हंगामात पहाटेपासून उभं राहणारा माणूस, जिथं टेकेल तिथं झोपायचा. मोठं तत्त्व सांगितलं असं कुणालाच वाटलं नाही. पट्टा पुन्हा खुंटीवर गेला. त्याचा ताल बदलला होता, जुने टप् टप् गेले होते आणि एक नवा, ठसठशीत आला होता. मला जुन्या तालाचं वाईट वाटलं. आजही वाटतं.

पुढे मी पुण्यात शिकले आणि ऐंशीनंतरच्या कुठल्यातरी वर्षी एका संस्थेत लागले. तिथं राज्यभरातल्या पावसाचे आकडे जमत. चपला बाहेर काढून संगणकाच्या खोलीत जायचं, आत एवढा गारठा की मे महिन्यातही स्वेटर. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि त्यांतून मी पाऊस बघायची. मुळशीचा पाऊस, ताम्हिणीचा पाऊस. अब्बांचे पट्टे फुगवणारा, अम्मीचे पापड सादळवणारा तो सगळा पाऊस, माझ्यापुढे आकडे होऊन यायचा. त्याला वास नव्हता. कधी कधी एखादा मोठा आकडा दिसला की वाटायचं, आज अब्बा राळ लावत असतील.

काम कंटाळवाणं होतं. एक प्रोग्राम आकडे क्रमानं लावायचा. दुसरा चुकलेले गाळायचा. तिसरा बेरजा मारायचा, चौथा कागदावर छापायचा. सगळे शहाणे, पण एकमेकाशी बोलत नव्हते. पहिल्याचं काम झालं की त्याचं निघालेलं उचलून दुसऱ्याच्या तोंडात घालायला माणूस लागायचा. तो माणूस मी. लग्नाच्या भाताच्या दिवशी आमच्या बायका उखळापासून सुपापर्यंत टोपली वाहत होत्या, तशी मी पदवी घेऊन टोपली वाहत होते. दर महिन्याला तेच, दर महिन्याला तसंच. एका दुपारी मी स्वेटरात हात खुपसून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की इथं यंत्रं भरपूर आहेत, पट्टा नाही.

म्हणून सांधा केली. पुढे लोकांनी फार विचारलं, प्रेरणा काय होती म्हणून. मुलाखत घेणाऱ्या मुलामुलींना ज्ञान सर्वांचं, स्वातंत्र्य, असं काहीतरी ऐकायचं असतं, आणि मीही कधी कधी त्यांचं मन मोडलं नाही. पण मला आठवतो तो कंटाळा आणि गारठा. डबा खाऊन झाल्यावरच्या सुस्त दुपारी मी ती ओळ ओळ लिहिली. हे घे, त्याला दे, त्याच्याकडून आलेलं याला दे, नसेल तर थांब. तिच्यात याहून फार शहाणपण नव्हतं आणि आजही नाही. पहिल्यांदा चारही प्रोग्राम माझा हात न लागता एकामागून एक चालले आणि शेवटी छपाईचं यंत्र करकरायला लागलं, तेव्हा मी डोळे मिटून ऐकत बसले. कुठंतरी टप् ऐकू येईल असं वाटत होतं.

बाहेरगावचे लोक संस्थेत यायचे, बघायचे, मागायचे. मी एका टेपवर भाषा उतरवली आणि चपलांच्या फळीशेजारच्या खिळ्याला ती टेप अडकवून दिली. न्या, उतरवून घ्या, परत अडकवा. आमचे साहेब प्रभुणे म्हणून होते, सज्जन माणूस. ही आपल्या कपाटात असावी, कोण नेतो ते कळावं, असं त्यांचं म्हणणं. मी हो-ना करत राहिले आणि टेप खिळ्यालाच राहिली. मग ते म्हणाले, बाई, निदान आपलं नाव तरी घाला. ते मात्र मला पटलं. शेवटी मी अम्मीची लेक. पहिल्या फाइलच्या पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'अडलं तर कळवा.' त्या ओळीकडे मी किती वेळ कौतुकानं बघत बसले होते.

एकदा बंगळूरहून एक टेप परत आली. कुणा अनोळखी माणसानं माझी एक चूक दुरुस्त केली होती आणि स्वतःची एक नवी सोय घातली होती. त्याची लिहिण्याची धाटणी माझ्याहून वेगळी, वादीऐवजी तांब्याची तार. मी बोटं फिरवावीत तशी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. एवढा आनंद मला भाषेनं पुन्हा कधी दिला नाही.

त्या रविवारी पौडला जाऊन मी अब्बांना सगळं सांगितलं. ते बाकावर बसून राळेचा खडा फोडत होते. पट्ट्यासारखीच आहे, कुणीही न्यावी, असं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी विचारलं, "तुटला की कोण जोडतं?"

"जो तो जोडतो. नाही जमलं तर मला लिहितात, मग मी जोडते."

अब्बांनी खडा खाली ठेवला. "मग तू झोपतीस कवा?"

मी हसले. तेव्हा लिहिणारे होते तरी किती?

नंतर ते वाढत गेले. टेपा गेल्या, फ्लॉप्या आल्या, त्या गेल्या, तारांवरून पत्रं यायला लागली. माझी नोकरी मला बंगळूरला घेऊन गेली, मग परत पुण्यात आणून निवृत्त करून गेली, आणि पत्रं येतच राहिली. एका कंपनीनं सांधा नेली, इतरांनी घातलेले जोड कापून गुळगुळीत केली आणि आपलं झाकण लावून विकली. मला सोपानकाका आठवले. पण ही मंडळी काही चालत माझ्या दारात येणार नव्हती, की त्यांना चहा पाजावा. जे कापलं गेलं ते मी आणि आणखी काही जणांनी पुन्हा शिवलं. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं जोडते आणि थांबते. आईबापांच्या आजारपणात जोडलं, सणावारी जोडलं, डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर नको म्हणत असताना जोडलं. हाक आली की उठायचं. थकवा असा रोज थोडा थोडा साठत गेला, भेगांत तूस साठतं तसा.

सलीमनं चहा आणला. आम्ही दोघं त्याच बाकावर बसलो. छताखाली शाफ्ट गंजून लालभडक झाला होता, पुल्यांवर पारव्यांची घाण. एकही पट्टा दिसत नव्हता. बाहेरचा तो पट्टा कुठं आहे, असं मी विचारलं. तो असला तर तेवढा नेईन, असं मनात होतं. निदान भिंतीला लावीन.

"त्यो कवाच गेला, आपा," सलीम म्हणाला. मग त्यानं गिरणीचा शेवटचा दिवस सांगितला. मी तेव्हा बंगळूरला होते, मला एवढंच कळलं होतं की गिरणी बंद केली. गावोगाव स्वतःची मोटर असलेली नवी यंत्रं आली होती, शाफ्ट आणि पट्टे लागेनासे झाले होते. अब्बांनी इंजिन बंद केलं, आतले सगळे पट्टे उतरवले, पुसले, गुंडाळले आणि दाराला कुलूप घातलं. सलीम बाहेरचा पट्टा काढायला खुंटीकडे गेला.

"मला म्हणले, ऱ्हाऊ दे. गिरणी माझी व्हती, ती बंद केली. त्यो माझा न्हाई."

"मग?"

"मग लई दिस तसाच व्हता. एक दिस बघतोय तर न्हाई. परत आलाच न्हाई. अब्बांना सांगितलं, तर म्हणले, म्हंजी चाललाय कुटंतरी. आन् कूस बदलून झोपले."

मी कपातला उरलेला चहा संपवला. बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, आणि सलीमला वाटलं असतं की पट्ट्यासाठी रडते आहे.

चहाचे कप घेऊन तो आत गेला. मी बाहेर आले. एक रिक्षावाला खुंटीवरची ती काळी वायर काढून आपल्या रिक्षापाशी उकिडवा बसला होता. ही कुणाची, असं मी त्याला विचारलं.

"कुणाची न्हाई. क्लच वायर हाय. मधीच तुटली तर पाशिंजर खोळंबतंय. ज्याची तुटंल त्यानं घ्यायची, मागनं नवी आणून टांगायची."

"आणि नाही टांगली तर?"

"दुसरं कुणीतरी टांगतंय की." त्यानं वर बघितलं नाही.

हे कुणी सुरू केलं ते त्याला माहीत नव्हतं. तो या स्टँडवर आला त्याच्या आधीपासून आहे, म्हणाला. मी सांगितलं नाही. काय सांगणार? आणि सांगितलं असतं तर त्या वायरला पुन्हा कुणाचं तरी नाव लागलं असतं.

लॅपटॉप पिशवीत होताच, तो नसेल असा माझा दिवस गेलेला नाही. पायरीवर बसून मी तो उघडला. ते लांबलचक निवेदन, माझी मनगटं, माझे डोळे, माझी क्षमायाचना, सगळं पुसून टाकलं. मग सांधाची पहिली फाइल उघडली. ज्यांनी जोड घातले त्यांची नावं आपापल्या जोडापाशी होती, ती तशीच ठेवली. माझेही जोड आत आहेत, ते शोधणाऱ्याला सापडतील. वरची ओळ तेवढी राहिली होती, माझं नाव आणि 'अडलं तर कळवा'. ती पुन्हा एकदा वाचली. खोडली. भाषेत बदल चढवायच्या किल्ल्या, इतकी वर्षं माझ्याकडेच होत्या त्या, जोड घालणाऱ्या सगळ्यांच्या हाती करून दिल्या आणि फाइल सगळ्यांना घेता येईल अशी टांगून दिली, खुंटीवर टांगावी तशी.

रिक्षा सुरू झाली. सलीम जेवून जा म्हणत होता, पण बरीच मोकळी बस समोर लागली होती. शाफ्टमधलं काही हवं का, असं त्यानं पुन्हा विचारलं. काही नको म्हटलं. खिडकीची जागा मिळाली. बस हलली, रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर चाकं टप् टप् करायला लागली, आणि पिरंगुटचा घाट कधी चढलो ते मला कळलं नाही. मला झोप लागली होती.